बाईंना माझं नाव माहीत आहे का?

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, पहिली चाचणी आटोपली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये प्रवेश, गणवेश, पुस्तकं यांबद्दल विचारणारे वाचक ऑगस्टमध्ये माणसांबद्दल विचारू लागतात. या वेळची चारही पत्रं शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात रोज जे घडतं त्याबद्दलची आहेत. परळच्या एका मराठी शाळेत मी निवृत्तीपर्यंत गणित शिकवलं, त्यामुळे उत्तरं देताना मी दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसून विचार केला आहे. पत्रं जागेसाठी थोडी कमी केली आहेत. नाव कोणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी नववीत आहे, भांडुपला राहते. आमच्या विज्ञानाच्या बाई छान शिकवतात असं सगळे म्हणतात. पण त्या खिडकीकडच्या पहिल्या तीन बाकांशीच बोलतात. मी दाराच्या बाजूला चौथ्या बाकावर बसते. हात वर केला तरी त्यांची नजर माझ्यावरून पुढे जाते. त्या मला नावाने हाक मारत नाहीत. 'तू त्याची बहीण ना?' असं म्हणतात, कारण माझा दादा दोन वर्षांपूर्वी शाळेत पहिला आला होता. चाचणीत मला २० पैकी १३ मिळाले. पेपर देताना बाई म्हणाल्या, 'दादाला विचारायचं होतंस.' आता मी हात वर करणंच सोडलंय. आई म्हणते, हे सगळं तुझ्या मनाचं आहे. बाईंना मी आवडत नाही का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू डोळ्यांनी पाहिलेलं बरंच काही आहे आणि त्यावरून काढलेला एक निष्कर्ष आहे. पाहिलेलं असं : खिडकीकडचे तीन बाक, न थांबणारी नजर, दादाचं नाव, पेपर देतानाचं वाक्य. निष्कर्ष असा : बाईंना मी आवडत नाही. पाहिलेल्या गोष्टींवर माझा पूर्ण विश्वास आहे. जी मुलगी बाकांची संख्या आणि बाजू लिहून कळवते, तिच्या मनाचे हे खेळ नाहीत, हे तुझ्या आईलाही माझ्याकडून सांग.

तू जे पाहिलंस ते जगभरच्या वर्गांत घडतं. अमेरिकेतल्या वर्गांमध्ये बसून शिक्षकांचे प्रश्न कोणाकडे जातात हे अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास टिपलं होतं. बहुतेक प्रश्न पुढच्या आणि मधल्या रांगांकडे गेले. फळ्यावर लिहून वळलं, की समोर जो पहिला चेहरा दिसतो त्याच्याकडे प्रश्न जातो, आणि तो चेहरा उत्तर देणारा असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच जातो. आपल्या मुंबईच्या शाळांत ६० मुलांचा वर्ग आणि ३५ मिनिटांचा तास धर. सगळा तास मुलांशी बोलण्यातच गेला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. त्यातून हजेरी, वह्या आणि मध्येच सूचना घेऊन येणारे शिपाईमामा वजा कर.

मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने शिक्षकांच्या प्रश्नानंतरची शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबत आणि लगेच दुसऱ्याकडे वळत किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकत. तीच वेळ तीन सेकंदांवर नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तुझा हात वर गेला आणि नजर पुढे निघून गेली, यामागे हे एवढंच असू शकतं. एक सेकंद संपला होता.

आता १३ गुणांबद्दल. शिक्षकाला वर्षाच्या सुरुवातीला काही नावं आपोआप पाठ होतात : सगळ्यात हुशार मुलांची, सगळ्यात दंगेखोर मुलांची आणि ज्यांची भावंडं शाळेत होऊन गेली त्यांची. २० पैकी १३ मिळवणारी, शांत बसणारी, वह्या वेळेवर देणारी मुलगी कोणाच्या काळजीत नसते आणि कोणाच्या कौतुकातही नसते. आपल्या शाळांचं हे सगळ्यात मोठं दुखणं आहे असं मला वाटतं, कारण वर्गातली बहुतेक मुलं याच मधल्या पट्ट्यात असतात. नापास होणाऱ्यांसाठी जादा तास असतात, पहिल्या दहांसाठी स्पर्धा परीक्षा असतात. मधल्या चाळीस जणांशी शाळा वर्षभर सामुदायिक बोलते.

आणि ते 'दादाला विचारायचं होतंस' हे वाक्य. बाईंना बहुधा असं सुचवायचं होतं, की घरात मदत आहे तर ती घे. पण तुझ्या कानावर पडलं ते वेगळं, आणि तू ऐकलंस तेही खरं आहे. भावाच्या मापाने बहिणीला मोजू नये. ते वाक्य चुकलंच.

आता काय करायचं ते सांगते. 'तुम्ही मला का विचारत नाही?' असं बाईंना विचारू नकोस. त्या गडबडतील, 'असं काही नाही गं' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. एक खरी शंका घेऊन जा. पेपरात जे सात गुण गेले त्यातलं एक उत्तर निवड. 'बाई, मी इथपर्यंत बरोबर आले, मग पुढे कुठे चुकलं?' असं नेमकं विचार. शिक्षकाला मूल लक्षात राहतं ते त्याच्या शंकेमुळे. घंटा झाल्यावर जिन्यात गाठू नकोस, त्यांना पुढच्या वर्गावर पोचायचं असतं. मधल्या सुट्टीत त्यांचा डबा खाऊन झाला, की शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी जा. बोलणं झालं की शांतपणे सांग, 'बाई, माझं नाव अमुक. दादाचं नाव घेतलं की मला वाटतं माझं काहीच वेगळं नाही.' हे बोलायला धीर लागतो. पण असं वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकल्यावर रागावलेला शिक्षक मी तरी फारसा पाहिला नाही. बहुतेक जण क्षणभर गप्प होतात आणि मग आठवणीने नाव घेतात.

बाकाचंही बघ. बऱ्याच शाळांत दर आठवड्याला बाकांची रांग बदलते. तुमच्याकडे ती पद्धत नसेल, तर मॉनिटरमार्फत वर्गशिक्षकांना सुचवा. मागणी सगळ्या वर्गासाठी असली, की कोणा एकीवर 'हिलाच पुढे बसायचंय' असा शिक्का बसत नाही. आणि हात पुन्हा वर करायला लाग.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. आम्ही लालबागला राहतो. त्याचे भूमितीचे सर हुशार आहेत, पण फळ्यापाशी बोलावून प्रमेय येत नसेल तर सगळ्यांसमोर 'तू शाळेचा निकाल खाली आणणार' असं म्हणतात. मुलगा घरी काहीच बोलत नाही, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. हल्ली तो भूमितीच्या दिवशी पोट दुखतं म्हणतो. शाळेत जाऊन बोलावं असं मला वाटतं. बायको म्हणते, अंतर्गत गुण सरांच्या हातात आहेत, गप्प बसा. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्नीची भीती वेडगळ नाही. दहावीला गणिताचे ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ते २० शाळेच्याच हातात असतात. म्हणूनच या वर्षी पालक तोंड उघडत नाहीत, आणि मुलं तर त्यांच्याही आधी गप्प होतात. तरीही तुम्ही शाळेत जावं, असं माझं मत आहे. कसं जायचं तेवढं मात्र नीट ठरवा.

आधी मुलाशी बोला. मित्राने सांगितलं हे लपवू नका. 'सर तुला असं म्हणाले म्हणे, तू काय केलं असशील?' अशी सुरुवात केलीत, तर तो पुन्हा मिटून जाईल. नेमके शब्द कोणते होते, कितीदा झालं, वर्गात कोण हसलं, आणि पुढे सरांनी ते प्रमेय समजावलं की नाही, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कडक बोलून मग शेजारी उभं राहून शिकवणाऱ्या शिक्षकाला मुलं बरंच माफ करतात. बोलून खाली बसवणाऱ्याला करत नाहीत.

तुम्ही लालबागचे, म्हणून हे सांगते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी नोकरीत नवखी होते. पुढची काही वर्षं माझ्या वर्गातल्या कित्येक घरांत पगार येत नव्हता. कोणाची पुस्तकं नव्हती, कोणाचा गणवेश आखूड झाला होता. तेव्हाची मुलं आता पन्नाशीच्या पुढे गेली आहेत. मसाला गल्लीत, गणपतीच्या गर्दीत भेटतात. कोणत्या शिक्षकांनी वर्गात उभं करून 'पुस्तक का नाही?' असं विचारलं आणि कोणी तास संपल्यावर कोपऱ्यात घेऊन विचारलं, हे त्यांना नावानिशी आठवतं. प्रश्न एकच होता. साठ जणांसमोर विचारला की एकांतात, एवढाच फरक होता, आणि इतक्या वर्षांनी तो जसाच्या तसा शिल्लक आहे. तुमच्या मुलाचं पोट दुखतं ते प्रमेयाने नव्हे. समोर बसलेल्या वर्गामुळे दुखतं.

सरांची वेळ मागून एकटे जा. मुलाला बरोबर नेऊन दोघांची समोरासमोर साक्ष घेऊ नका. पहिलं वाक्य तक्रारीचं नको : 'सर, त्याला भूमितीत नेमकं काय येत नाही, ते मला कळायला हवं.' ते बोलतील, ऐकून घ्या. मग सरळ सांगा : 'चुकलं तर त्याला जरूर सांगा, कडक शब्दांत सांगा, फक्त सगळ्यांसमोर निकालाची गोष्ट काढू नका. त्याने शाळेत यायचं टाळायला सुरुवात केली आहे.' पुष्कळ सरांना आपल्या वाक्याचा असा परिणाम होतो याची खरोखर कल्पना नसते. दहावीच्या निकालाचा ताण त्यांच्याही मानेवर असतो आणि तो तोंडावाटे बाहेर पडतो.

कडक शेऱ्यांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवीतल्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखे लाल खुणा करून तपासले. काही वह्यांना संशोधकांनी एक चिठ्ठी जोडली. तिचा आशय असा, की तुझ्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतोस, म्हणून हे शेरे लिहितो आहे. निबंध पुन्हा लिहून आणण्याचं प्रमाण चिठ्ठी मिळालेल्या मुलांत वाढलं, आणि शाळेवरचा विश्वास आधीच डळमळलेल्या मुलांत ते सगळ्यात जास्त वाढलं. खुणा तेवढ्याच लाल होत्या. सरांशी सूर जमला तर हे त्यांना सांगून बघा.

बोलून फरक पडला नाही, तर पर्यवेक्षकांकडे आणि मग मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, तारीख घालून, पोच घेऊन. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि तुमचा मुलगा बहुधा त्यापुढे गेला असेल. पण चौदाव्या वर्षापर्यंत जे छळ ठरतं ते पंधराव्या वर्षी शिस्त ठरतं, असं कोणताही मुख्याध्यापक लेखी उत्तरात म्हणणार नाही. आणि अंतर्गत गुणांची भीती असेल, तर लेखी नोंद हाच त्यावर सगळ्यात चांगला उपाय आहे. कागदावर आलेल्या तक्रारीनंतर गुण कापणं कोणालाही अवघड जातं.

प्रश्न : गोरेगावहून लिहिते आहे. माझ्या नववीतल्या मुलीला एक सर रात्री साडेदहा-अकराला व्हॉट्सॲपवर मेसेज करतात. आधी अभ्यासाचे होते, आता 'काय करतेस', 'आज छान दिसत होतीस' असे येतात. ती म्हणते, विचित्र वाटतं, पण सर चांगले आहेत, कोणाला सांगू नको. मी अतिविचार करते आहे का?

उत्तर : नाही. मुलीला विचित्र वाटलं, एवढं पुरेसं आहे.

एकही मेसेज पुसू नका, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुलीला आज रात्रीच सांगा, की तिचं काहीही चुकलेलं नाही आणि सरांची नोकरी सांभाळणं ही तिची जबाबदारी नाही. उत्तर देणं थांबवायला सांगा. उद्या मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीकडेही प्रत द्या. मेसेजमध्ये लैंगिक सूचना असेल, तर १८ वर्षांखालच्या मुलांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, आणि मग शाळेने आपसात मिटवण्याचा प्रश्नच उरत नाही. पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' असं कोणी म्हणालं, तर तिथे थांबू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते, तिथे मुलगी स्वतःही बोलू शकते.

मुलं शिक्षकाबद्दल 'चांगले आहेत' आणि 'विचित्र वाटतं' हे दोन्ही एका दमात म्हणतात, तेव्हा दुसरं ऐकायचं.

प्रश्न : मी मानखुर्दच्या एका शाळेत दोन वर्षांपासून आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. वर्गात साठच्या वर मुलं आहेत. मी प्रेमाने वागते असं मला वाटतं, पण मुलांना माझ्याबद्दल काय वाटतं ते कळत नाही. 'माझं शिकवणं कसं वाटतं?' असं विचारलं तर सगळे एका सुरात 'छान, मॅडम' म्हणतात. त्यांच्या मनातलं कसं कळेल?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न उरत नाही.

५ सप्टेंबर जवळ आला आहे. तुमच्याही शाळेत त्या दिवशी दहावीची मुलं साड्या नेसून, शर्ट खोचून खालच्या वर्गांवर शिकवायला जातील. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत समोसे खात बसू नका. तुमचा तास घेणाऱ्या मुलीचा वर्ग मागच्या बाकावर बसून पाहा. मुलं आपली नक्कल करतात तेव्हा त्यांच्या लक्षात काय राहिलं ते उघड होतं. तुमची 'मॅडम' वर्गात शिरताना कोणाकडे बघते? हजेरी घेताना कोणती नावं चुकीची उच्चारते? उत्तर चुकलं की तिचा चेहरा कसा होतो? कोणाला 'बस खाली' म्हणते आणि कोणाला 'शाबास'? शाळेत असताना मी हा दिवस कधी चुकवला नाही. लाडका विद्यार्थी कोण हे शिक्षक कधीच कबूल करत नाही. नक्कल करणारी मुलगी मात्र पहिल्या पाच मिनिटांत त्याला खडू आणायला पाठवते, आणि सगळा वर्ग हसतो, कारण सगळ्यांना ते आधीपासून माहीत असतं.

चिठ्ठ्यांचाही उपयोग होतो, पण प्रश्न बदला. 'मी कशी शिकवते?' याला 'छान' हेच उत्तर येणार, आपल्या मुलांना मोठ्यांना नावं ठेवायला घरात शिकवलेलं नाही. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा : 'या आठवड्यात तुला काही सांगायचं होतं आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालं?' किंवा 'माझं कोणतं वाक्य लक्षात राहिलं?' नाव लिहायला सांगू नका. मानखुर्दला मुलांच्या घरी मराठी, हिंदी, उर्दू असं सगळं चालतं, तर ज्या भाषेत सुचेल त्यात लिहू द्या. मराठीच्या बाईंनी ही सूट दिली, यातूनच मुलांना बरंच कळेल.

तुमचा प्रेमळपणा मुलांपर्यंत नेहमी तुम्हाला वाटतो त्या वाटेने पोचत नाही. 'तुला जमेल तेवढंच लिही' हे तुम्ही दयेने म्हणता, आणि मुलाला कळतं, की बाईंनी माझी आशा सोडली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि ही मुलं या वर्षी झपाट्याने पुढे जातील असं सांगितलं. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत ती मुलं बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. आकडेवारीवरून पुढे पुष्कळ वाद झाले. पण आपली अपेक्षा आपण लपवू शकतो असं समजणाऱ्या शिक्षकाने एवढं तरी यातून घ्यावं, की ती लपत नाही. कोणाकडे प्रश्न घेऊन किती वेळ थांबलो, कोणाला दुसरी संधी दिली, यातून मुलं ती वाचतात.

एक गोष्ट मात्र मुलांना दिसत नाही, ती तुम्हीच सांगावी लागेल : तुमचं बाकीचं काम. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढी शाळेबाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, आणि ती दिली जातात. तुम्ही आठवडाभर मतदार याद्यांच्या कामात असता आणि वर्गावर दुसरं कोणी तरी येऊन 'गप्प बसा' म्हणून जातं. मुलांच्या हिशेबात त्याची नोंद 'मॅडम आल्या नाहीत' अशी होते. जायच्या आधी दोन मिनिटं सांगून जा : कुठे जाते आहे, कधी येईन, आल्यावर कुठून सुरू करू. इतकं सांगणारी मोठी माणसं त्यांच्या आयुष्यात फार नसतात.

चिठ्ठ्या आल्या की घरी नेऊन वाचा. शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचू नका, आणि अक्षरावरून कोणाची ते ओळखायला बसू नका. दोन-तीन चिठ्ठ्या लागतील, जिव्हारी लागतील, तेव्हा लगेच वर्गात उत्तर देऊ नका. सोमवारी जाऊन एक बदल करा आणि तो कशामुळे केला ते सांगा : 'चिठ्ठीत कोणी लिहिलं होतं की मी मागच्या बाकांकडे येत नाही. आजपासून मी तास मागून सुरू करणार आहे.' पुढच्या महिन्यात पुन्हा चिठ्ठ्या मागा. त्या वेळी 'छान, मॅडम' कमी येतील. काय आलं ते मला जरूर कळवा, या सदरात त्यासाठी जागा ठेवते.